बाटली आधी बोटांनी वाचा

पुण्यात कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारातून घेतलेली माझी पहिली जुनी बाटली घरी आणून धुतली आणि ती पांढरी पडली. बाजारात ती गडद हिरवी, झळाळती दिसत होती. भांड्यांच्या साबणाने घासून टॉवेलवर पालथी घातली, आणि वाळता वाळता तिच्यावर दुधी साय चढत गेली. माझ्या बोटांना खोबरेल तेलाचा वास येत होता. तेव्हा उलगडा झाला. काच वर्षानुवर्षं ओल्या मातीत पडून राहिली की तिच्यातला क्षार पाण्याबरोबर निघून जातो आणि पृष्ठभाग खरबरीत, धुरकट होतो. त्यावर तेलाचा हात फिरवला की बारीक खाचा भरून निघतात आणि काच पुन्हा नितळ दिसते, साबण लागेपर्यंत. त्या बाटलीचे मी आठशे रुपये दिले होते. तिची किंमत दोनशेही नव्हती.

त्यानंतर बरीच वर्षं मी जुन्या व्हिस्कीच्या बाटल्या बघते, घेते, परत ठेवते. मी दारू पीत नाही, मला काच आवडते. हल्ली घरात शोभेला ठेवायला, कुणाला भेट द्यायला किंवा छोटा संग्रह करायला अनेकजण अशा बाटल्या शोधतात आणि ऐकीव गोष्टींवर भरमसाट पैसे देऊन येतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. बाटली रिकामीच घ्यायची. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, आणि दुकानात जी दारू मिळते ती परवान्यांच्या व्यवस्थेतून मिळते. ती विकायला परवाना लागतो, तसाच विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायलाही लागतो. ‘आजोबांच्या वेळची आहे’, ‘सील तसंच आहे’ असं म्हटल्याने रस्त्यावरचा किंवा फोनवरून ठरवलेला व्यवहार कायदेशीर होत नाही. घर आवरताना कपाटात भरलेली जुनी बाटली सापडली, तर तिचा फोटो विक्रीसाठी इंटरनेटवर टाकण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे विचारणा करा. आणि आत जे आहे ते चाखून बघू नका. बूच कधी काढलं गेलं आणि आत काय भरलं गेलं, हे बाहेरून कळत नाही.

शिवाय एक समज काढून टाकायला हवा. व्हिस्की लाकडी पिंपात मुरते, बाटलीत मुरत नाही. बारा वर्षं मुरवलेली व्हिस्की १९६५ साली बाटलीत भरली असेल, तर ती आजही बारा वर्षांचीच आहे. उलट सैल बुचातून ती हळूहळू उडून जाते. लिलावांत ज्या किमती ऐकू येतात, त्या टिपलेल्या इतिहासाच्या आणि दुर्मीळपणाच्या असतात. नोव्हेंबर २०२३मध्ये लंडनला मॅकॅलन १९२६ची एक बाटली एकवीस लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. त्या बातमीचा परिणाम इथे असा होतो की सत्तरच्या दशकातल्या साध्या स्कॉचच्या रिकाम्या बाटलीचाही भाव लोक तिप्पट सांगतात. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

आता बाटलीकडे येऊ. ती आपल्याकडे टिकली कशी, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण किमतीचं मूळ तिथेच आहे. आपल्या घरांमध्ये काचेची चांगली बाटली कधी फेकली जात नसे. माझ्या आजीकडे चौकोनी स्कॉचच्या बाटलीत गोडंतेल असे, दुसऱ्या एकीत रॉकेल, आणि तीन बाजूंनी चिमटलेल्या ‘डिंपल’मध्ये मनीप्लांट. घरात कुणी घेत नसे. बाटल्या भंगारवाल्याकडून, नाहीतर लष्करात किंवा बोटीवर असलेल्या नातेवाइकांकडून आलेल्या. आल्या की राखेने घासल्या जात, पाण्यात भिजत घातल्या जात, आणि कागदी लेबल पहिल्याच दिवशी निघून जाई. म्हणून पुण्यात काच भरपूर सापडते आणि लेबल क्वचित. लेबलासकट बाटली दिसली, तर ती खरी असल्यास जास्त पैसे देण्याजोगी असते. आणि नेमकी म्हणूनच ती जास्त तपासायची असते.

बाजारात जायचं तर बुधवारी किंवा रविवारी, सकाळी लवकर, ऊन तिरकं असताना. सोबत एक भिंग, छोटा टॉर्च, ओलं फडकं आणि नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवा असावा. विक्रेत्याला विचारून बाटली हातात घ्या आणि आधी डोळे मिटल्यासारखी बोटांनी चाचपा. तोंडाच्या कडेवरून नख फिरवा. डोळ्यांना न दिसणारा टवका नखाला लागतोच. मानेपासून खांद्यापर्यंत हात फिरवा, कुठे काच गार लागता लागता अचानक कोमट लागली तर तिथे राळ भरून डागडुजी केलेली असते. जांभळ्या दिव्याखाली अशी जागा बहुतेक वेळा वेगळी चमकते. ओल्या फडक्याने एक कोपरा पुसा आणि तो वाळेपर्यंत दोन मिनिटं थांबा. मी तेव्हा थांबले असते, तर आठशे रुपये वाचले असते.

मग शिवण शोधा. काच साच्यात घालून बाटली केली की साच्याची दोन पाखं जिथे जुळतात तिथे उभी रेघ उमटते. बाटली तोंडाने फुंकून केलेली असेल, तर ही शिवण मानेवर कुठेतरी थांबते, कारण तोंडाची कड नंतर हाताने, वेगळ्या हत्याराने घडवलेली असते. पूर्ण यंत्राने केलेल्या बाटलीत ती थेट कडेवरून जाते. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी १९०३ साली पूर्ण स्वयंचलित बाटली-यंत्र उभं केलं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत जगभर फुंकलेल्या बाटल्या मागे पडल्या. म्हणून शिवण कडेपर्यंत गेली असेल, तर ‘दीडशे वर्षांची’ हा दावा तिथेच संपतो. टॉर्च मानेच्या मागे धरून बोटाने रेघेबरोबर वर चढत जा. ही एक सवय लागली तरी अर्धी फसवणूक टळते.

बूड उलटून बघणं तितकंच महत्त्वाचं. साधारण १८६०च्या आधीच्या अनेक बाटल्यांच्या बुडाला, आत गेलेल्या खळग्यात, सळई तोडल्याचा ओबडधोबड व्रण असतो. बुडावर पंखासारख्या कडांचा गोल चरा असेल, तर ती सुरुवातीच्या यंत्रांची खूण. कारखान्याची अक्षरं असतील तर उत्तमच. ‘यूजीबी’ ही अक्षरं ब्रिटनच्या युनायटेड ग्लास बॉटल मॅन्युफॅक्चरर्स या कंपनीची, आणि ती कंपनी १९१३ची. म्हणजे ती बाटली त्याआधीची असूच शकत नाही. बुडाची झीजही बघा. शंभर वर्षं फळीवर, फरशीवर सरकलेल्या बाटलीचे ओरखडे सगळ्या दिशांनी, कमी-जास्त खोल असतात, आणि जिथे बूड टेकतं तिथेच असतात. सँडपेपरने घासून म्हातारी केलेल्या बाटलीचे ओरखडे एकाच दिशेने, शेजारी शेजारी, शिस्तीत असतात. भिंगाखाली हा फरक लहान मुलालाही दिसतो.

काचेतले बुडबुडे मात्र पुरावा धरू नका. भंगार काच वितळवून आजही हाताने बाटल्या करतात, आणि त्यांत बुडबुडे भरपूर असतात. जांभळट रंगाबद्दलही सावध राहा. पहिल्या महायुद्धापर्यंत काच रंगहीन करायला मँगनीज घालत, आणि तशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते, हे खरं. पण काही जण किरणोत्सर्गाचा मारा करून हा रंग कृत्रिमपणे आणतात. उन्हाने रंगलेली काच फिकी असते, शाईसारखी गर्द नसते.

एकदा एका विक्रेत्याने मला चौकोनी बाटली दाखवली आणि लेबलावर बोट ठेवून म्हणाला, “ताई, अठराशे वीसची आहे. हे बघा, छापलंय.” छापलेलं होतंच. जॉनी वॉकर कंपनी आपला आरंभ १८२० सालापासून मोजते आणि ते साल लेबलावर अभिमानाने लावते. म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर दोन वर्षांनी. पण तिची चौकोनी बाटली १८६०ची, आणि ‘जॉनी वॉकर’ हे नाव लाल आणि काळ्या लेबलांसकट आलं १९०९ साली. ती बाटली थेट कडेवरून गेलेल्या शिवणीची, ७५० मिलिलिटरचा खंबा होती. मी त्याला हे समजावून सांगितलं, तो मन लावून ऐकत होता, आणि पुढच्या बुधवारी त्याने स्वतःच माझ्यासाठी दोन फुंकलेल्या बाटल्या बाजूला ठेवल्या होत्या. कंपनीच्या स्थापनेचं साल आणि बाटलीचं साल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे विक्रेत्याला फार वेळा खरोखरच माहीत नसतं. त्याला फसवणारा समजून भांडू नका.

लेबलावर मग खरं काय वाचायचं? माप वाचा. ‘२६⅔ फ्लुइड औंस’ म्हणजे गॅलनचा सहावा हिस्सा, हे मेट्रिकच्या आधीचं माप. युरोपात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ७५ सेंटीलिटरची बाटली ७०ची झाली, त्यामुळे स्कॉचवर ‘७० सेंटीलिटर’ दिसलं तर ती बहुधा जुनी नाही. आपल्याकडच्या लेबलांवर ‘२५ अंडर प्रूफ’ किंवा ‘७५ डिग्री प्रूफ’ असतं, म्हणजे ४२.८ टक्के. हे मोजणं इतकी वर्षं चालत आलं आहे की त्यावरून एकट्याने साल ठरवता येत नाही. पत्ता वाचा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. सहा आकडी पिन असेल तर लेबल त्यानंतरचं. नुसतं ‘पूना १’ असेल तर आधीचं असण्याचा संभव जास्त. संभव म्हणते, कारण आपण पुणेकर अजूनही सहज ‘पुणे ३०’ लिहितो. उत्पादकाचं नाव वाचा. कसौलीला १८५५ साली एडवर्ड डायर यांनी सुरू केलेल्या उद्योगाचं पुढे ‘डायर मीकिन’ झालं, १९४९मध्ये तो नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडे आला आणि साठच्या दशकात नाव ‘मोहन मीकिन’ झालं. त्यांच्या सोलन व्हिस्कीच्या लेबलावर ‘डायर मीकिन’ असेल तर ती त्याआधीची. ब्रिटिश राजाचं नाव असलं तर ते कोणत्या राजाचं हे बघा. सहावा जॉर्ज १९३६ ते १९५२.

कागदाची परीक्षा जांभळ्या दिव्याने होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या पांढऱ्या कागदात चमक आणणारी रसायनं घालतात आणि तो दिव्याखाली निळसर पांढरा लख्ख उजळतो. १९२०चं म्हणून दाखवलेलं लेबल उजळलं, की व्यवहार संपला. भिंगातून अक्षरांच्या कडा बघा. जुन्या छपाईत त्या काटेकोर असतात, घरच्या प्रिंटरवरच्या नकलेत शिंतोडे असतात. चहाच्या पाण्याने पिवळं केलेलं लेबल सगळीकडे सारखं पिवळं दिसतं. खरं लेबल कडेला, घडीला, हात लागतो तिथे जास्त काळवंडतं, आणि बाटलीच्या मागच्या, अंधारातल्या बाजूला कमी.

या तपासण्या फाजील वाटत असतील तर स्कॉटलंडचं उदाहरण सांगते. २०१८मध्ये तिथल्या विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन केंद्रात दुर्मीळ म्हणवल्या जाणाऱ्या ५५ बाटल्यांची कार्बन-चाचणी झाली, त्यांतल्या २१ बनावट निघाल्या. त्याच्या आदल्या वर्षी स्वित्झर्लंडच्या एका हॉटेलात एका पाहुण्याने ‘१८७८ची मॅकॅलन’ म्हणून एका पेगला दहा हजार स्विस फ्रँकच्या आसपास पैसे मोजले. ती १९७०च्या सुमाराची साधी मिश्र व्हिस्की निघाली. जाणकारांच्या जगात असं होतं, तर फूटपाथवर काय होत असेल!

आता भाव. परदेशी लिलावांच्या संकेतस्थळांवर बघाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फार अंतर असतं, म्हणून विकल्या गेलेल्या वस्तूंचेच आकडे बघा. आणि ते बहुधा भरलेल्या बाटल्यांचे असतात, रिकाम्याला लावू नका. इथला माझा हिशेब असा आहे. लेबल नसलेली, यंत्राने केलेली, ओळखीच्या ब्रँडची बाटली मी दोन-तीनशेच्या वर घेत नाही, मग ती कितीही सुबक असो. अशा बाटल्या अमाप बनल्या आहेत. ‘डिंपल’ला तिची मूळ तारेची जाळी असेल तर थोडे जास्त देते. तो आकार इतका ओळखीचा झाला की अमेरिकेत १९५८ साली त्याला ट्रेडमार्क मिळाला. फुंकलेली, साय न चढलेली, तोंड शाबूत असलेली बाटली मिळाली तर हजार-दोन हजारांना मी कचरत नाही. तोंडाला टवका असेल तर निम्मी किंमत. आरपार तडा गेला असेल तर, खरं सांगायचं तर, शून्य. तडा थंडी-उन्हाने वाढतच जातो.

पण एका गोष्टीसाठी मी ठरवलेली मर्यादा ओलांडते, आणि तुम्हीही ओलांडावी असं मला वाटतं. ती म्हणजे इथल्या व्यापाऱ्याचं नाव. पुणे आणि खडकी या लष्करी छावण्यांमुळे इथे एकोणिसाव्या शतकापासून विलायती मद्य येत होतं, आणि ते मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत येई. त्यांतल्या फिप्सन कंपनीचे एच. एम. फिप्सन हे १८८३मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या आधारस्तंभांपैकी एक. सोसायटीचा सुरुवातीचा संग्रह १८८४च्या सुरुवातीला त्यांच्या फोर्टमधल्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या मद्याच्या दुकानातच मांडला होता. अशा दुकानाचं नाव असलेलं, बाटलीच्या मागे चिकटवलेलं, नखाएवढं फाटकं लेबल सापडलं तर ती बाटली स्कॉटलंडच्या दृष्टीने क्षुल्लक असेल, आपल्या दृष्टीने नाही. ती कुठे उतरली, कुणी विकली, कुणासाठी आली, हे ती सांगते. लिलावाच्या याद्यांत याची किंमत सापडणार नाही, ती आपणच ठरवायची.

काचेच्या बाबतीतही तसंच. स्कॉच शोधता शोधता तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याची किंवा कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीची खूण असलेलं काही हाती लागलं तर ते खाली ठेवू नका. एकेक पैसा वर्गणी गोळा करून १९०८ साली तळेगावला उभा राहिलेला तो कारखाना आणि प्रभाकर कंदिलांनी घराघरांत पोचलेले ओगले हे आपल्या काचेचे पूर्वज आहेत.

विक्रेत्याला “भाऊ, हा माल कुठून आला?” असं विचाराल तेव्हा पुण्यात एकच उत्तर मिळतं, “वाड्यातला आहे.” ते ऐकून घ्या, पण नुसत्या त्या गोष्टीसाठी जास्त पैसे देऊ नका. पुढे आणखी एक प्रश्न विचारा. कोणत्या पेठेतला, बाकी काय निघालं, सोबत खोका किंवा बूच होतं का? खरं असेल तर तपशील येतात. माळ्यावर एका पेटीत होती, सोबत कुलूप होतं, चिमणीचे कंदील होते. असे तपशील आले की लगेच कागदावर लिहून घ्या.

जुनी नसलेली, चकचकीत, खोक्यासह रिकामी महागडी बाटली कुणी देऊ केली तर घेऊ नका, आणि स्वतःच्या घरातली अशी बाटली भंगारात देताना लेबल खरवडून, झाकण मोडून द्या. अशा बाटल्या पुन्हा भरून बनावट दारू विकणारे लोक आहेत. तुमच्या घरची बाटली त्यांच्या हाती लागू नये.

बाटली शंभर वर्षांहून जुनी निघाली आणि परदेशातल्या मुलाला किंवा भावाला पाठवायची असेल, तर थांबा. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, कला किंवा कारागिरीचा नमुना ठरणारी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. बॅगेत गुंडाळून नेण्याचा मोह टाळा.

घरी आणल्यावर, लेबल नसेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि आत थोडे कच्चे तांदूळ घालून हलक्या हाताने खळखळवा. रॉकेलचा वास असेल तर दोन-तीनदा हेच करा आणि उन्हात पालथी ठेवा. लेबल असेल तर पाणी अजिबात लावू नका, कोरड्या मऊ कुंच्याने धूळ काढा. ऊन थेट येत नाही अशा जागी ठेवा. पुण्याच्या पावसाळ्यात लेबलाच्या खळीवर बुरशी येते आणि कसर लागते, म्हणून जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवते. आणि प्रत्येक बाटलीत एक चिठ्ठी सोडते. कधी घेतली, कुठे, कितीला, विक्रेत्याने काय सांगितलं, आणि मी स्वतः काय पाहिलं. पेन्सिलीने लिहिते, कारण शाई ओलीत पसरते.